मंगळाचा तांब्या

मंगळावरचा तो जुना इंग्रजी सिनेमा आता नव्यानं काढलाय, हे मला ताईच्या नातवानं सांगितलं. सांगताना इतका चाचरत होता, की मला वाटलं नात्यातलं कुणी गेलं. जुन्या सिनेमाला कुणी हात लावलेला मला खपत नाही, असा आमच्या घरात सगळ्यांचा समज आहे. तो साफ चुकीचा आहे. गोष्ट म्हणजे काही देव्हाऱ्यातला टाक नव्हे, की सोवळ्याशिवाय कुणी शिवायचंच नाही. पुन्हा काढा, हिंदीत काढा, तमाशाच्या वगात घाला. माझी अट एकच. पहिल्यांदा सांगताना गोष्टीत काय राहून गेलं होतं, ते पुन्हा सांगणाऱ्याला कळलेलं असावं. नाहीतर मग नुसती रंगरंगोटी होते आणि माझं डोकं फिरतं.

ही अट मला ताईमुळे सुचली. तेव्हा आमच्याकडे दुष्काळ होता आणि ताईला मंगळ होता.

सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. मी नगरला कॉलेजात शिकत होते आणि मुलींच्या वसतिगृहात राहत होते. घर कर्जत तालुक्यात, बऱ्यापैकी जमीन, पण सगळी पावसाच्या भरवशावरची. नगरच्या एका थिएटरात मॅटिनीला इंग्रजी सिनेमे लागत. घोड्यांचे, बंदुकांचे, आणि मधूनच एखादा 'आकाशातला'. 'आकाशातला' हा माझा आणि माझ्या मैत्रिणीचा शब्द. विज्ञानपट वगैरे शब्द आम्हाला फार नंतर कळले आणि मला ते अजूनही औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठीसारखे वाटतात. आकाशातला म्हटलं की कसं मोकळं वाटतं.

ही मैत्रीण माझ्याच खोलीत राहायची. ख्रिस्ती होती, वडील मिशनच्या शाळेत मास्तर. तिला इंग्रजी छान कळायचं, मला निम्मंशिम्मं. म्हणून ती सिनेमाभर माझ्या कानात भाषांतर करायची. पण तिचं वाचनाचं मराठी घडलं होतं ते देवळातल्या पुस्तकावर, म्हणजे बायबलवर. त्यामुळे पडद्यावर कप्तान ओरडायचा, की पळा, तेल संपत आलंय, आणि माझ्या कानात यायचं, "तो म्हणतो, उठा, येथून निघा, कारण आपले तेल सरत आले आहे." यान कोसळत असलं की, "पाहा, आकाशातून अग्नी उतरत आहे." मी तिला हसायची, आणि ती चिडून दोन मिनिटं गप्प बसायची, मग मला काहीच कळायचं नाही. पण खरं सांगते, त्या सिनेमांना ती भाषा फार शोभायची. इतक्या लांब, इतक्या अंधारात गेलेली माणसं घरच्यासारखी थोडीच बोलतील? पुढे कितीतरी चांगली भाषांतरं वाचली, पण अंतराळवीराच्या तोंडी 'पाहा' नसलं की मला अजून चुकल्यासारखं वाटतं.

यान म्हणजे उघड उघड पत्र्याचा डबा असायचा. त्याला बांधलेली तार दिसायची. धूर खालून वर जायच्या ऐवजी बाजूला जायचा. कॉलेजातले मुलगे याच्यावर खो खो हसत आणि आपण फार हुशार आहोत असं समजत. मला त्यांचा राग यायचा. तार मलाही दिसायची की. पण कुणीतरी एक माणूस घरदार सोडून, पत्रा कापून, त्याला चंदेरी रंग देऊन, तो डबा चंद्रापलीकडे न्यायचा म्हणून बसलाय, ह्याचंच मला कौतुक वाटायचं. अजून वाटतं. मी त्या सिनेमांवर मनापासून प्रेम केलं आणि त्याबद्दल मला कधी लाज वाटली नाही.

आता ताईबद्दल सांगते. ताई माझ्याहून मोठी. आमच्या कुणब्याच्या घरात एरवी कुणी पत्रिका काढत नसे. पण ताई पहिली, म्हणून दादांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, गावात पंचांग बघणाऱ्या काकांकडून हौसेनं काढून घेतली. तीत मंगळ निघाला. माझ्या वेळी काढलीच नाही. हौस फिटली होती.

शहाणीसुरती माणसं म्हणतात, मंगळाची मुलगी नवऱ्याला 'भारी' असते. आमच्याकडे इतकं मोघम बोलत नसत. आमच्याकडे म्हणत, मंगळ नवरा खातो. ताईनं हे लहानपणापासून ऐकलं होतं, तिच्यासमोर, ती घरात नसल्यासारखं. तिचे दर मंगळवारी उपास चालत. लग्नकार्यात ती हळदीच्या वाटीला हात लावत नसे, नवरीच्या जवळ जात नसे. थेट चुलवणाकडे जाऊन बसे आणि भात उपसत राही. तिला कुणी जा म्हटलेलं नसे. ती आपणहून जायची, आणि तेच मला सोसायचं नाही.

अशाच एका चुलतबहिणीच्या लग्नात पंगती उठल्यावर एक माणूस रिकामी पातेली घेऊन चुलवणापाशी आला. घोडेगावकडचा, नवरदेवाच्या नात्यातला, वाढपी म्हणून राबत होता. त्यानं ताईला विचारलं, "तुमी जेवलात का?" एवढंच. ताई जेवली नव्हती. त्यानं स्वतः पत्रावळ मांडून तिला वाढलं आणि परत पातेली उचलायला गेला. पंधरवड्यानं त्याच्या घरून निरोप आला, मुलगी बघायला यायचं म्हणतोय.

घरात आनंद झाला आणि लगेच कुजबुज सुरू झाली. याआधीची स्थळं मंगळ कळला की मागे फिरली होती. आईनं ठरवलं, या वेळी पत्रिकेचा विषयच काढायचा नाही. विचारलंच तर काढलीच नव्हती म्हणायचं. दादा गप्प राहिले, म्हणजे तयार झाले. तयार नव्हती ती ताई. मी तेव्हा सुट्टीला घरी होते. ती मला गोठ्यात घेऊन गेली आणि म्हणाली, "त्या मानसानं मला जेवली का इचारलं. दुसऱ्या कुनी इचारलं न्हाई. आन त्यालाच म्या खाऊ व्हय?"

मी शिकलेली. मी तिला ग्रह, तारे, अंतर, सगळं समजावलं. ती शांतपणे ऐकून घेत होती, जसं आपण देवी टोचायला आलेल्या बाईचं ऐकून घेतो. मग म्हणाली, "तुझं खरं असंल. पर माझं चुकून खरं निघालं तर तो मरंल." ताईला तो माणूस आवडला होता आणि म्हणूनच ती त्याला नकार देणार होती.

नेमकी तेव्हाच ती जाहिरात आली. म्हणजे मीच नगरहून आणली होती. थिएटरवाले टांग्यातून कर्णा लावून फिरत आणि गुलाबी कागद वाटत. इंग्रजी सिनेमाला मराठी नाव द्यायचं काम थिएटरच्या पेंटरकडे असावं. त्याला म्हणायचं होतं 'मंगळावर स्वारी'. त्यानं लिहिलं 'मंगळाची स्वारी'. दादांनी चष्मा लावून ते मोठ्यानं वाचलं आणि चुलीपुढं बसलेल्या आईनं हात जोडले.

स्वारी म्हणजे आमच्याकडे देवाची. घोड्यावरून, पालखीतून, अंगात, देव येतो ती स्वारी. आईनं तंबूत साडेसातीवरचा एक पौराणिक सिनेमा पाहिला होता, त्यात शेवटी शनिदेव प्रसन्न होऊन सगळ्यांचं भलं करतात. शनीचा निघाला तसा आता मंगळाचाही निघाला, असं तिनं धरलं. मी सांगितलं, "आई, हा तसला नाही. यात यानं आहेत, गोरी माणसं आहेत." आई म्हणाली, "आसंनात. देव गोऱ्यांचा येगळा अन् आपला येगळा हाय व्हय? मंगळ एकच हाय ना?" हे बाकी शास्त्राला धरून होतं. मंगळ एकच आहे.

"पोरीला दर्शन घडवून आनायचं," आई म्हणाली. "मंगळवारी."

आम्ही तिघी मंगळवारी पहाटेच्या एस.टी.नं निघालो. आईच्या पिशवीत नारळ, मसूर, गूळ आणि लाल खण. ताईचा अर्थात उपास. मिरजगावपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी उघडी रानं. दुष्काळी कामावर निघालेल्या बाया डोक्यावर पाट्या घेऊन चालल्या होत्या. ताईही एरवी त्यांच्यातच असायची; जमीनवाली घरंसुद्धा त्या वर्षी खडी फोडत होती. एस.टी.त ताई हातातल्या पिशवीचा बंद पिळत राहिली.

मैत्रीण थिएटरपाशी थांबली होती. आईनं दारातच चपला काढल्या. ताईनं काढल्या. मग मलाही काढाव्या लागल्या आणि माझ्या मैत्रिणीनं, तिचा काही संबंध नसताना, सोबत म्हणून काढल्या. डोअरकीपर म्हणाला, "मावशी, हितं देव न्हाई, पिच्चर हाय."

"ठावं हाय," आई म्हणाली. "शनीच्या टायमालाबी एक जन असंच बोलला हुता."

त्यानं आईच्या हातातला नारळ पाहिला, ताईकडे पाहिलं, आणि आमच्या चपला उचलून आपल्या स्टुलाखाली सरकवल्या. "हरवत्यात न्हाईतर," एवढंच म्हणाला. त्या माणसाला मी अजून विसरले नाही.

सिनेमा सुरू झाला. आई मधे, एका बाजूला ताई आणि मी, दुसऱ्या बाजूला मैत्रीण, कारण भाषांतर आईला हवं होतं. यान उडालं. अंधारातून ते जात राहिलं. मग पडद्यावर तांबडा गोल आला आणि हळूहळू मोठा होत होत सगळा पडदाच तांबडा झाला. थिएटरातले सगळे चेहरे तांबडे झाले. आईनं हात जोडले आणि डोळे मिटले. मैत्रीण हळूच म्हणाली, "तो म्हणतो, पाहा, हाच तो. याच्याचकडे आपण आलो आहोत." आईचे डोळे भरून आले. असलं मराठी धार्मिक सिनेमातच असतं, याबद्दल तिच्या मनात आता काही शंका उरली नव्हती.

मी ताईकडे पाहिलं. ती मान खाली घालून बसली होती. पदर कपाळाच्या खाली ओढलेला, नजर स्वतःच्या पायांवर. तिला पडद्याकडे बघवत नव्हतं. लहानपणापासून जो तिच्या कुंडलीत बसला होता, तो समोर आला होता आणि तिला त्याच्या नजरेला नजर द्यायची नव्हती. आपण हिला इथं उगाच आणली, असं मला वाटलं.

पडद्यावर माणसं उतरली. चालू लागली. कप्तान खाली बसला, मूठभर माती उचलली आणि काहीतरी बोलला.

"तो म्हणतो," मैत्रीण म्हणाली, "येथे पाणी नाही."

ताईनं मान वर केली. "पानी न्हाई?"

"नाही. तो म्हणतो, किती तरी काळापासून येथे पाऊस पडलेला नाही."

आणि ताई बघू लागली. तांबडा मुरूम, धोंडे, फुटक्या टेकड्या, लांबवर एक झाड नाही. आता मला कळतं, ते कुठल्यातरी स्टुडिओत ओतलेले रंगीत मातीचे ढीग होते आणि मागचे डोंगर कापडावर काढलेले होते. एका डोंगराला तर सुरकुती होती. ताई पुढे वाकून बघत होती. म्हणाली, "अगं, हे तर आपलं शिवार."

मग तो आला. मंगळावरचा प्राणी. मोठे डोळे, काडीसारखे हात, अंगावर राखाडी कातडं, जे गुडघ्यापाशी चुणलेलं होतं, कारण आत कुणीतरी बारकुडा माणूस घातला होता. पण त्याची चाल काय सुंदर होती! घाबरत घाबरत, दगडाआडून, दोन पावलं पुढे आणि एक मागे. त्याला माणसांचं काही नको होतं. त्यांच्या पाण्याच्या डब्याकडे तो बघत होता. त्यांच्यात एक शास्त्रज्ञ बाई होती. तिनं पेला भरला आणि पुढे केला. कप्तानानं तिचा हात धरला. आपल्यालाच पुरायचं नाही, असं काहीतरी म्हणाला. प्राणी थोडा वेळ हात पुढे करून उभा राहिला आणि मग गुहेत परत गेला. यान उडालं. सिनेमा संपला.

बाहेर पडताना ताईनं मला विचारलं, "ह्यो व्हय मंगळ?"

मंगळ वेगळा आणि मंगळावरचा रहिवासी वेगळा, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि मैत्रिणीनं मला कोपरखळी मारली. मी म्हटलं, "हो. हाच."

"ह्यो कुनाला खानार?" ताई म्हणाली. "ह्याच्याच घशाला कोरड पडलीया."

आई म्हणाली, "असं बोलू नगं देवाला." पण ताईचं तिकडे लक्ष नव्हतं. ती संतापली होती. त्या बाईवर, त्या कप्तानावर. एस.टी. स्टँडपर्यंत ती एकच म्हणत राहिली, "घोटभर दिलं असतं तर काय झालं असतं?" तिच्या आवाजात इतका जोर मी कधी ऐकला नव्हता आणि मला इतकं बरं वाटलं, की रस्त्यातच रडू आलं. नारळ आईनं निघतानाच डोअरकीपरला दिला होता. त्यानं तो थिएटरच्या पायरीवर फोडून सगळ्यांना वाटला. प्रसाद समजून सगळ्यांनी खाल्ला.

दुसऱ्या मंगळवारपासून ताईनं सुरू केलं. आमच्या दाराबाहेर जोत्याच्या कडेला एक तांब्या भरून ठेवायचा, वर पळसाचं पान झाकायचं. आई कावली. विहिरी आटलेल्या, टँकर कधी यायचा कधी नाही, आणि ही पाणी बाहेर ठेवते. ताई म्हणाली, "माझ्या वाटचं हाय. सांजच्याला शेळीला घालते." उपास मात्र तिनं सोडून दिला. म्हणाली, "त्यो तिकडं उपाशी अन् म्या हिकडं उपाशी, कुनाचं भागतंय त्यात?"

आणि खडी फोडता फोडता तिनं त्या सिनेमाची गोष्ट बायांना सांगायला सुरुवात केली. मी सुट्टीच्या दिवशी एकदा ती ऐकली आणि माझ्या कपाळाला आठ्या पडल्या. तिच्या गोष्टीत मंगळावर टँकर येत होता. कप्तानाचा मुकादम झाला होता आणि तो हजेरीवरून बायांना बोलत होता. शास्त्रज्ञ बाईच्या पदरात सुकडी बांधलेली होती. सुकडी म्हणजे कामावर वाटत तो गोड भुगा. आणि शेवटी ती बाई मुकादमाचा हात झटकून त्या प्राण्याला पाणी पाजत होती. ओंजळीनं. ऐकणाऱ्या बायांचे हातोडे थांबले होते.

मी म्हटलं, "ताई, सिनेमात ती पाजत नाही."

"व्हय, न्हाई पाजत. चुकलं त्यांचं."

"पण गोष्ट तशी आहे. तू बदलू नाही शकत."

ताईनं हातोडा खाली ठेवला. "त्यांनी लई भारी पिच्चर काढलाय. ते यान, ते तांबडं रान, समदं भारी. म्या त्यातलं कायबी काढलं न्हाई. जे द्यायचं राहिलं हुतं तेवढं दिलं."

त्या दिवशी मी तिच्याशी भांडले. नंतर आयुष्यभर रूपांतरांबद्दल लोकांशी भांडताना मी तिचंच वाक्य वापरत आले.

घोडेगावचे पाहुणे आले ते मंगळवारीच. आईनं मंगळवार सोडून कुठलाही दिवस चालेल असं कळवलं होतं, पण एस.टी. चुकली, मुक्काम पडला, आणि ते टळटळीत दुपारी फाट्यावरून चालत आले. तो आणि त्याचे चुलते. ताईनं आईला आधीच सांगून ठेवलं होतं, इचारलं तर म्या खोटं बोलनार न्हाई. आईचा डाव असा, की कुणी विचारेपर्यंत वेळच जाऊ द्यायची नाही. चहा, पोहे, मुलगी, सुपारी.

तो पुढे होता. धुळीनं माखलेला, ओठ सुकलेले. जोत्यापाशी आला, तांब्या दिसला, वरचं पान बाजूला केलं आणि वरून गटागटा सगळा प्याला. पाहुणे यायचे असले की बाहेर पाणी ठेवतात, तसंच हे, असं त्याला वाटलं असणार. ताई दारात उभी होती.

"ते मंगळाचं हुतं," ती म्हणाली.

"कुनाचं?" चुलत्यांनी विचारलं.

आई आतून धावत आली, पण उशीर झाला होता. ताई म्हणाली, "मंगळाचं. मला मंगळ हाय. हे तुमाला सांगायचं न्हाई असं घरात ठरलंय, पर म्या सांगते. म्या त्याला नगरला जाऊन बघून आले. तिथं आपल्यावानीच दुष्काळ हाय. त्यो कुनाला खाईल असं मला आता वाटत न्हाई. पर तुमाला वाटत असंल तर तुमी जावा. मला राग न्हाई."

दादा खाली बघत होते. आईनं पदर तोंडाला लावला. चुलते बसलेच नव्हते, ते तसेच मागे वळले. मी ताईच्या मागे उभी होते.

तो रिकामा तांब्या हातात घेऊन उभा होता. "काका, बसा," तो म्हणाला. "पिऊन बसलोय म्या त्याचं. आता काय व्हायचं ते व्हईल." मग ताईला म्हणाला, "त्याला रोज लागतं?"

"मंगळवारचं."

"मग भरून ठेवा तेवढं. म्या येताना तहानलो हुतो, मला ठावं नव्हतं."

आणि त्यानं तांब्या तिच्या हातात दिला. ताई आत गेली, रांजणातून भरून आणला, जोत्यावर ठेवला, पान झाकलं. चुलते ते सगळं बघत उभे होते. शेवटी त्यांनी पायातले जोडे काढले आणि म्हणाले, "आदी चहा तरी टाका."

लग्न झालं. पुढे कधीतरी त्याच इंग्रजी सिनेमावरून उचललेला एक हिंदी सिनेमा तंबूत आला. त्यात मंगळाला शिंगं होती, लाल दिव्यांचे डोळे होते आणि त्याच्या दरबारात नाच होता. मला तोही आवडला. शिंगं करणाऱ्यानं जीव ओतला होता. पण ताई बाहेर पडताना म्हणाली, "ह्यो आपला न्हाई. ह्याला तहानच न्हाई." मी मान डोलावली. इतकं नेमकं परीक्षण मला वर्तमानपत्रात वाचायला मिळालेलं नाही.

आता तो नवा सिनेमा. घोडेगावला ताईच्या घरी, मोठ्या टीव्हीवर, दुपारी सगळ्यांनी मिळून पाहिला. माझं मत विचाराल तर उत्तम आहे. तार नाही, सुरकुती नाही. मंगळावरची संध्याकाळ निळी दाखवली आहे, आणि ती तशीच असते म्हणे. मला ते पाहून हुंदका आला. वर्षानुवर्षं मी तो तांबडाच धरून बसले होते. गोष्ट तीच, कप्तान तोच, फक्त आता कप्तान बाई आहे. तो प्राणी मात्र काढून टाकलाय. नातू माझ्याकडे बघत होता, की आत्ता ही भडकणार. मी भडकणारच होते. पण शेवटी ती बाई जमिनीत यंत्र घालते, खाली बर्फ लागतो, आणि तांबड्या मातीतून पाणी वर येतं. कुणी पीत नाही. नुसतं वाहत राहतं.

ताई म्हणाली, "लागलं बाई एकदाचं."

मी तिच्याकडे राहिले होते. पुढच्या मंगळवारी सकाळी जोत्यावर तांब्या नव्हता. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. दुष्काळ गेला, नळ आला, घर सिमेंटचं झालं, तांब्या होताच. आणि दर मंगळवारी तो प्यायचे भाऊजीच. बाहेरून यायचे, पान बाजूला सारून वरून प्यायचे आणि म्हणायचे, भर परत. ताई भरायची.

भाऊजी गोठ्याकडून काठी टेकत आले. ऐंशी उलटली आहे, पण बैलाच्या अंगावरून हात फिरवल्याशिवाय त्यांचा दिवस उजाडत नाही. जोत्यापाशी थांबले, हात पुढे केला आणि तसाच राहिला.

"आज तांब्या न्हाई?"

"त्याला लागलं पानी आता," ताई आतून म्हणाली. "पिच्चरमधी दाखिवलं न्हाई का?"

भाऊजी जोत्यावर बसले. काठी शेजारी ठेवली.

"त्याला लागलं," ते म्हणाले. "मला प्यायचंय अजून."

ताई गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि तांब्या भरायला गेली.